तक्रार नाही, मग तपासणी कशाला?



पहिले मूल केव्हा, दुसरे केव्हा, पाळणा कधी थांबवायचा, हे विषय आपण या पत्रकांतून नेहमी वाचता. आजचा विषय थोडा बाजूचा वाटेल, पण तो त्याच घरातला आहे. शरीरसंबंधातून एकाचे दुसऱ्याला लागणारे जे आजार आहेत, ते वेळीच शोधून काढायची तपासणी. आपल्याकडे कोणी गरमी म्हणतो, कोणी परमा म्हणतो, बायका नुसते 'तसले दुखणे' म्हणतात. पुस्तकात शब्द आहे गुप्तरोग. मला तो शब्द फारसा पटत नाही. रोग गुप्त ठेवायचा असतो असा अर्थ त्यातून निघतो, आणि सगळे नुकसान तिथूनच सुरू होते.

कुटुंबनियोजनाच्या पत्रकात हे कशाला, असे कोणी विचारील. त्यांना एक जुनी गोष्ट सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच गृहस्थांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तकही लिहिले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. लोकांनी नावे ठेवली, खटले भरले. मूल हवे तेव्हा व्हावे आणि धडधाकट व्हावे, यासाठी आईबापाचे शरीर निरोगी पाहिजे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी दिसत होते. आपण मात्र अजून त्या शब्दापाशी अडखळतो.

कपाशीचे बोंड आठवा

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळी काही शिकवावी लागत नाही. बोंड बाहेरून हिरवेगार, टणक. कोणी म्हणणार नाही की याला काही झाले आहे. फोडून पाहिले की आत अळी आणि सरकी पोखरलेली. म्हणून जाणता शेतकरी बोंड सडायची वाट पाहत नाही. तो आधीच शेतात कामगंध सापळे लावतो आणि रोज किती पतंग अडकले ते मोजतो. सापळ्याने अळी मरते असे नाही. पण फवारणीची वेळ कळते.

तपासणी म्हणजे हेच. इथे 'तपासणी' हा शब्द मी एका ठराविक अर्थाने वापरते आहे. ताप आला, डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्त तपासले, ती आजारी माणसाची तपासणी. ज्याला काहीच होत नाही, जो धट्टाकट्टा हिंडतो-फिरतो, अशाला बोलावून तपासणे हे वेगळे काम. इंग्रजीत त्याला स्क्रीनिंग म्हणतात. आपण चाळणी-तपासणी म्हणू. धान्य चाळताना सगळेच धान्य चाळणीतून जाते. खडा असलेलेच तेवढे चाळायचे म्हटले तर चाळणी हवी कशाला?

गावात बाया म्हणतात, "माले काही तरास नही शे, मंग सुई कसाले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत मिळाले.

गडचिरोलीच्या ६५० बाया

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायका घेतल्या नाहीत. गावातल्याच घेतल्या, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर त्यांची चर्चा झाली.

त्यातले आकडे सावकाश वाचा. शंभरातल्या ५५ बायांनी काही ना काही तक्रार सांगितली. ४५ म्हणाल्या, आम्हाला काही नाही. पण तपासल्यावर शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोगांपैकी काहीतरी निघाले. एकेका बाईला सरासरी तीनाहून जास्त दुखणी. त्यांतली निम्मी दुखणी जननमार्गाच्या संसर्गाची. आणि याआधी आतून तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त ८.

म्हणजे 'आम्हाला काही नाही' म्हणणाऱ्या बायांपैकीही बहुतेकींना काहीतरी होते. त्या खोटे बोलत नव्हत्या. कंबर दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात कळ येणे हे बाईच्या जन्माला आलेले भोग, अशी त्यांची समजूत होती. आईला होते, सासूला होते, म्हणून मलाही आहे. जे सगळ्यांनाच असते त्याला तक्रार कोण म्हणणार?

हे सांगताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर उगीच घराघरांत संशय शिरेल. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे दरवेळी संबंधातून लागलेला आजार नव्हे. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात थोडे पातळ, वास नसलेले पाणी जाते, ते शरीराचे नेहमीचे काम आहे. बुरशीमुळेही जाते, आणि ती कोणाकडून लागलेली नसते. वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, खाज किंवा आग असेल, ओटीपोट दुखत असेल तर दाखवायला हवे. कशामुळे आहे ते तपासणारा सांगेल. शेजारीण सांगू शकणार नाही.

गरमी: फोड जातो, रोग राहतो

सगळ्या आजारांविषयी इथे सांगत बसले तर पत्रकाचे पुस्तक होईल. एकच आजार नीट समजून घेऊ, बाकीचे आपोआप कळतील. तो म्हणजे गरमी, ज्याला वैद्यकात उपदंश किंवा सिफिलिस म्हणतात.

रोगी जोडीदाराशी संबंध आल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी गुप्त भागावर एक फोड किंवा चट्टा उठतो. कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी. या फोडाची खोड अशी की तो दुखत नाही. पुरुषाला निदान दिसतो तरी. बाईला तो पुष्कळदा आतल्या बाजूला होतो, तो तिला कळतच नाही. तीन ते सहा आठवड्यांत फोड आपोआप भरून येतो. कोणी बुवाचा अंगारा लावलेला असतो, कोणी एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या 'तज्ज्ञा'ची पुडी घेतलेली असते. फोड गेला की त्याला गुण आला असे वाटते. खरे म्हणजे काहीच न लावता तो तसाच गेला असता. जंतू मात्र रक्तात उतरलेले असतात.

पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते, तळहात आणि तळपायांवरसुद्धा. खाजत नाही. तेही जाते. मग रोग वर्षानुवर्षे गप्प बसतो. माणूस शेतात राबतो, लग्नकार्यात जेवणे वाढतो, आणि आतून मेंदूवर, हृदयावर, मोठ्या रक्तवाहिनीवर रोगाचे काम चालू राहते. या गप्प बसलेल्या काळात डोळ्यांना दिसणारे काही नसते. तेव्हा तो फक्त रक्ताच्या तपासणीत सापडतो.

याच काळात बाईला दिवस गेले तर? जंतू वारेतून बाळाकडे जातात. औषध न घेतलेल्या अशा गरोदर बायांपैकी निम्म्याहून अधिकींच्या बाबतीत काहीतरी विपरीत घडते. पोट उशिरा पडते, मूल मेलेले जन्मते, अपुऱ्या दिवसांचे होते, किंवा जन्मल्यावर काही दिवसांत जाते. जगले तर हाडे, डोळे, कान यांत दोष राहू शकतो. गावात याला 'नजर लागली', 'कूस उजवत नाही' असे म्हणतात आणि दोन-दोन मुले अशी गेल्यावर त्या सुनेकडे वाईट नजरेने पाहतात. अशा घरांत नवस खूप झालेले असतात. रक्त एकदाही तपासलेले नसते.

आणि उपाय? पेनिसिलीन. तेच जुने पेनिसिलीन, १९४३ पासून या रोगावर वापरात आलेले. इतकी वर्षे गेली तरी हा जंतू त्याला सरावलेला नाही. आपल्या देशात ते बनवण्यासाठी १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला होता. रोग नवा असेल तर २४ लाख युनिटचा एक डोस, दोन्ही कुल्ल्यांत वाटून. रोग जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस. सुई दुखते, हे खरे आहे, लपवत नाही. पूर्वी कधी पेनिसिलीनने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. बाळाच्या दृष्टीने सुई बाळंतपणाच्या निदान एक महिना आधी झालेली बरी. म्हणून नाव लवकर नोंदवा असे आम्ही सारखे सांगतो. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आल्यावर पहिल्यांदा नाव नोंदवले तर हाताशी वेळ फार थोडा राहतो.

रक्ताच्या या तपासणीचे नाव व्हीडीआरएल. ती जुनी, स्वस्त, खात्रीची चाळणी आहे. पण चाळणीच ती. कधी हिवताप, क्षय किंवा दुसऱ्या एखाद्या आजारानेही ती खोटी सापडते. म्हणून व्हीडीआरएल सापडली की टीपीएचए नावाची दुसरी तपासणी करून खात्री करतात. ही दुसरी तपासणी एकदा सापडली की बहुधा जन्मभर सापडतच राहते, रोग बरा झाला तरी. तेव्हा पुढच्या बाळंतपणात कोणी कागद पाहून 'हिला अजून आहे' म्हणाले तर घाबरू नका. आधीच्या उपचाराचा कागद दाखवा. तो कागद रेशनकार्डासारखा जपून ठेवा. आता अनेक ठिकाणी बोटाच्या एका थेंबावर गरमी आणि एच.आय.व्ही. दोन्ही एकदम पाहायची पट्टीही मिळते, त्यामुळे उपकेंद्रातसुद्धा काम होते.

क्युबा देशाने २०१५ साली, आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ साली, आईकडून बाळाला लागणारी गरमी आणि एच.आय.व्ही. जवळजवळ संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. श्रीलंका काही श्रीमंत देश नाही. तिथे प्रत्येक गरोदर बाईचे रक्त तपासले जाते आणि सापडले तर उपचार पुरा होतो. एवढ्यावर ते झाले.

ज्याला तपासले त्याचाच रोग सापडतो

आता जरा अवघड भाग.

आपल्याकडे सर्रास रक्त कोणाचे तपासले जाते? गरोदर बाईचे. साहजिकच घरात पहिल्यांदा नाव निघते ते तिचे. मग सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात हे नव्हते, सुनेने आणले. नवरा गप्प बसतो. कधी तिला माहेरी पाठवतात.

साक्री तालुक्यातल्या एका गावात मी हे जवळून पाहिले. बाईला पाचवा महिना. व्हीडीआरएल सापडली, दुसऱ्या तपासणीत खात्री झाली. तिने मुकाट्याने सुया घेतल्या. नवरा बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला. तो परतला, पण तपासायला आला नाही. "मला काय धाड भरली आहे?" असे त्याचे म्हणणे. मूल चांगले झाले. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी तिचे रक्त पाहिले तर आकडा पुन्हा चढलेला. औषध लागू पडले नाही असे सगळे म्हणू लागले. औषध लागू पडले होते. रोग नव्याने लागला होता, त्याच घरातून. शेवटी तिच्या थोरल्या दिराने भावाला समजावून आणले. दोघांना एकाच दिवशी सुई दिली, तेव्हा ते प्रकरण मिटले. त्या दिराचे मला कौतुक वाटते. चार समंजस शब्द बोलणारा एक पुरुष माणूस घरात असला की आमचे दहा फेऱ्यांचे काम होते.

तपासणीचा कागद एवढेच सांगतो की आज रक्तात रोग आहे. कोणी आणला, केव्हा आणला, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. गरमी चार-पाच वर्षांपूर्वीची असू शकते, लग्नाच्या आधीचीही, आणि नवऱ्याची की बायकोची हे कोणताही डॉक्टर शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हा कागद हातात आल्यावर पहिला प्रश्न 'कोणाची चूक' हा नको. 'दोघांची सुई कधी' हा हवा. उपचार पुरा होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावा, नाहीतर निरोध वापरावा.

पुरुष वाचकांना माझी एक विनंती आहे. बायको गरोदर असताना तिच्याबरोबर तुम्हीही एकदा रक्त द्या. मग सापडले तर दोघांचे सापडेल, नाही तर दोघांचेही नाही.

बळजबरीने हे काम होत नाही

इंग्रजांनी ते करून पाहिले होते. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग फार होत, म्हणून १८६८ साली त्यांनी कायदा काढला. वेश्यांची नावे नोंदवायची, ठराविक दिवशी त्यांना तपासायचे, रोग निघाला की इस्पितळात कोंडायचे. तपासणी बाईची, तीही पोलीस लावून. बाया लपू लागल्या, नाव नोंदवीनात. १८८८ साली तो कायदा रद्द करावा लागला. याउलट सांगलीत १९९२ पासून संग्राम या संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायांनाच हाताशी धरले. त्यांनीच एकमेकींना निरोध पुरवले, समजावले, दवाखान्यात नेले. लोक आपणहून आले तरच तपासणीला अर्थ आहे.

म्हणून आज एच.आय.व्ही.ची तपासणी आपल्या संमतीशिवाय करता येत नाही. २०१७ सालचा कायदा तसा आहे, आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आपला निकाल परवानगीवाचून दुसऱ्याला सांगायलाही त्या कायद्याने मनाई आहे. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक आपल्याशी एकांतात बोलतात. आईला एच.आय.व्ही. निघाला तरी औषधे वेळेवर सुरू झाली आणि चालू राहिली, तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आणता येते. औषधांवाचून तेच पंधरा ते पंचेचाळीसपर्यंत जाते.

परमा आणि इतर

परम्यात पुरुषाला लघवीला आग होते, पू येतो, म्हणून तो लवकर दवाखान्यात जातो. बाईला त्याच जंतूने पुष्कळदा काहीच होत नाही. क्लॅमिडिया नावाचा दुसरा एक जंतू त्याहून लबाड. दोन्ही जंतू पिशवीच्या तोंडातून वर सरकतात आणि गर्भनलिका आतून चिकटवतात. पुढे मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि बाईच्या जिवावर बेतते. वांझ म्हणून जिला टोचून बोलतात तिच्या पोटात असा जुना संसर्ग असू शकतो, आणि तो तिला नवऱ्याकडूनच लागलेला असू शकतो.

इथे खरे ते सांगायला हवे. या दोन जंतूंची चाळणी आपल्या खेड्यापाड्यांत होत नाही. त्यांच्या नेमक्या तपासण्या महाग आहेत, त्यांना मोठी प्रयोगशाळा लागते. म्हणून सरकारी दवाखान्यात तक्रार आणि लक्षणे पाहून उपचार देतात. औषधांची रंगीत पाकिटे ठरलेली आहेत: पू किंवा पिशवीच्या तोंडाची सूज यासाठी करडे, योनिमार्गाच्या दाहाला हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे. पद्धत चांगली आहे, त्याच दिवशी औषध मिळते. पण जिला लक्षणच नाही ती यातून सुटते, ही उणीव आहेच. यावर हाताशी असलेला उपाय एकच. नवऱ्याला परमा निघाला तर तक्रार नसली तरी बायकोने औषध घ्यायचे, आणि बायकोला निघाला तर नवऱ्याने.

मेडिकलमधून दोन गोळ्या आणून भागवू नका. परम्याचा जंतू अशाच अर्धवट औषधांनी सरावला. एके काळी पेनिसिलीनने परमा जाई, आता जात नाही. नंतर आलेल्या गोळ्यांचीही तीच गत झाली.

पिशवीच्या तोंडाचा कर्करोग

हा रोग एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू संबंधातूनच येतो. कोणी वाईट वागलेले असायला लागते असे नाही. संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. थोड्या बायांत तो ठाण मांडतो आणि दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. दहा-वीस वर्षे! इतकी मुदत कोणताही रोग देत नाही.

या तपासणीची जगातली एक मोठी परीक्षा मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया, खेडी ५२ गटांत वाटलेली. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटात बायांची एकदाच, आयुष्यात एकदाच, एच.पी.व्ही. तपासणी झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून व्हिनेगरसारखे आम्ल लावून पिशवीचे तोंड पाहायची सोपी तपासणी करवली. तिथे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. मशीन लागले नाही. कापूस, आम्ल, उजेड आणि धीर देणारी एक बाई. तीस वर्षांवरील भगिनींनी ही तपासणी जरूर करून घ्यावी. पाच मिनिटे लागतात. लाज वाटते हे मान्य, पण तपासणारी बहुधा बाईच असते.

ऑपरेशन झाले, आता काय भीती?

हा गैरसमज आमच्याच पत्रकांमुळे वाढला असेल अशी मला शंका आहे. नसबंदी झाली, मग ती बाईची असो की पुरुषाची, दिवस राहत नाहीत. आजार मात्र पूर्वीइतकाच लागू शकतो. तांबीचे तसेच, गोळ्यांचे तसेच, सुईचेही तसेच. साधनांमध्ये मूल आणि आजार दोन्ही अडवणारा एकच आहे, निरोध. आपल्या देशात तो १९६८ सालापासून मिळतो आहे आणि आजही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. ऑपरेशननंतर पुष्कळ जोडपी निरोध सोडतात. कामासाठी महिनोन् महिने बाहेर राहणाऱ्या माणसाच्या घरी तरी तो सोडू नये.

तांबीबद्दलही बोलले पाहिजे. 'तांबीने पोट सडते' असे बाया म्हणतात. आत आधीच संसर्ग असताना तांबी बसवली तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो वर चढण्याची भीती असते, हे खरे. म्हणून तांबी बसवण्याआधी तपासून घ्यायचा आग्रह आपण धरावा. नर्सबाई घाईत असल्या तरी म्हणावे, "सिस्टर, आधी बघून घ्या." गडचिरोलीच्या अभ्यासात कुटुंबनियोजनाची साधने वापरणाऱ्या बायांत दुखण्यांचा काही संबंध दिसला, पण एकंदर दुखण्यांपैकी फार थोडा वाटा त्यामुळे समजावता येत होता. बाकीचे रोग आधीपासूनचे, न तपासलेले.

कोणी, केव्हा

गरोदर बाईने नाव नोंदवताच, पहिल्या तीन महिन्यांत. त्याच वेळी तिच्या नवऱ्याने. तांबीच्या आधी. पोट वारंवार पडत असेल, मूल राहत नसेल तर दोघांनी. लघवीला आग, पू, फोड, जांघेत गाठ यांपैकी काही झाले तर लगेच.

आणखी एक वेळ आपल्या खानदेशापुरती सांगते. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पुष्कळ माणसे ट्रकवर, रेल्वेवर, सुरतेच्या कामावर असतात. दिवाळी झाली की साक्री, शिरपूर, चाळीसगावकडची कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात. बाहेर राहणारा माणूस वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. तो एकटा असतो, थकलेला असतो, आणि फडावर दवाखाना नसतो. ही माणसे उन्हाळ्यात परततात. आखाजीला लेकीही माहेरी येतात. घर भरलेले असते. त्या आठवड्यात नवरा-बायकोने जोडीने जाऊन रक्त देऊन यावे. नुकताच धोका झाला असेल तर एकदा देऊन थांबू नये. एच.आय.व्ही. आणि गरमी दोन्ही रक्तात दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा द्यावे.

जायचे कुठे? जळगाव आणि धुळे येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तसेच उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी म्हणून पाटी असते, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र. गुप्तरोगाच्या उपचारासाठी 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी पाहा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. गरोदर भगिनींसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर नक्की भेटतात. गावातल्या आशाताईंना सांगितले तर त्या बरोबर येतील. त्या ओळखीच्या, नात्यातल्या, म्हणून त्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, नाव सांगावे लागत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणारच असाल तर सकाळी आधी रक्त देऊन मग बाजार करा. पट्टीवरचा निकाल बहुतेक त्याच दिवशी मिळतो. व्हीडीआरएलचा कागद कधी घ्यायला यायचा, ते निघण्याआधी विचारून घ्या.